स्मार्ट मिररची स्क्रीन उभी करताना: बूटवालं रोटेशन वेगळं, डेस्कटॉपवालं वेगळं

घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर स्मार्ट मिरर, म्हणजे टू-वे काचेमागे मॉनिटर ठेवून माहिती दाखवणारा आरसा, बनवायला घेतला की मॉनिटर बहुतेक वेळा उभाच लावावा लागतो, आणि मग चित्र ९० अंशांनी फिरवायचं कसं हे शोधायला गेलात की दोन उत्तरं समोर येतात. एक सांगतं कॉन्फिग डॉट टीएक्सटी या पायच्या बूट सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्प्ले रोटेटची एक ओळ टाका, रीबूट करा, झालं. दुसरं सांगतं डेस्कटॉपवर स्क्रीन कॉन्फिगरेशन उघडा आणि तिथून फिरवा, किंवा एक्सरँडआर ही स्क्रीन फिरवायची कमांड द्या. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या काळातल्या रास्पबेरी पायसाठी आहेत, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लोक संध्याकाळच्या संध्याकाळ त्यात घालवतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण काच, फ्रेम, लाकूडकाम एवढं सगळं जमवलेला माणूस शेवटी एका ओळीपाशी अडकून बसतो.

आधी बूटवालं बघू. जुन्या पायवर स्क्रीनचा ताबा फर्मवेअरकडे, चिपच्या मूळ सॉफ्टवेअरकडे, असायचा, म्हणजे लिनक्स काय काढायचं ते काढणार आणि ते एचडीएमआयवर पाठवायच्या आधी जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) फर्मवेअर ते फिरवणार. म्हणून डिस्प्ले रोटेटला १ दिलं की ९० अंश, २ दिलं की १८०, ३ दिलं की २७०, आणि डेस्कटॉपला, ब्राउझरला, मॅजिकमिरर या आरशाच्या सॉफ्टवेअरला, कोणाला काही सांगायची गरजच नाही, सगळ्यांना वाटतं स्क्रीन मुळातच उभी आहे. काळी बूट स्क्रीन, त्यावरची अक्षरं, सगळं सरळ. एकच अट, ९० आणि २७० ला जीपीयूची मेमरी जास्त लागते, ती १६ एमबीवर ठेवली असेल तर हे चालत नाही.

आता डेस्कटॉपवालं. २०२१ मध्ये पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची बुल्सआय आवृत्ती आली आणि पायवर केएमएस हा स्क्रीनचा ड्रायव्हर डीफॉल्ट झाला, तिथून स्क्रीनचा ताबा फर्मवेअरकडून लिनक्स कर्नलकडे गेला. आता फर्मवेअरला सांगून काही उपयोग नाही, ते त्या कामातच नाहीये. तुम्ही डिस्प्ले रोटेट लिहा, रीबूट करा, काहीही होत नाही, एररही येत नाही, ती ओळ नुसती दुर्लक्षिली जाते. आणि हा शांतपणाच जास्त फसवतो, माणसाला वाटतं आपलंच स्पेलिंग चुकलं असेल.

त्यात २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीने फाइलची जागाही बदलली. आता कॉन्फिग डॉट टीएक्सटी बूटमध्ये सरळ नसते, बूटच्या आत फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये असते. जुन्या जागी त्याच नावाची फाइल दिसते, पण उघडली तर आत लिहिलेलं असतं की इथे काही बदलू नका, फाइल हलवली आहे. सवयीने उघडून थेट खाली स्क्रोल करून ओळ चिकटवली तर ती सूचना नजरेतून सुटते.

मग आपल्या मशीनवर कुठलं लागू आहे हे कसं ओळखायचं? खरी कॉन्फिग फाइल उघडा आणि डीटीओव्हरलेने सुरू होणारी ओळ शोधा. तिथे व्हीसी४-केएमएस-व्ही३डी असेल आणि ओळीच्या सुरुवातीला ती ओळ बंद करणारा हॅश (#) नसेल तर डिस्प्ले रोटेट विसरा. मधे एफ असलेला, म्हणजे एफकेएमएस, हा अधलामधला प्रकार होता, त्यातही ९० अंशांसाठी डेस्कटॉपचाच मार्ग धरा.

डेस्कटॉपच्या बाजूला आणखी एक फाटा आहे आणि तो समजून घ्यायलाच पाहिजे. एक्सरँडआर चालते एक्स११ या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेवर. बुकवर्मपासून पाय ४ आणि ५ वर वेलँड ही नवी व्यवस्था डीफॉल्ट आहे, २०२४ च्या शेवटी तर सगळ्या मॉडेल्सवर वेलँडवरच चालणारं लॅबडब्ल्यूसी आलं, आणि वेलँडवर एक्सरँडआरने स्क्रीन फिरत नाही, तिथे डब्ल्यूएलआर-रँडआर लागतं. नावंसुद्धा बदलतात, एक्स११ मध्ये ज्याला एचडीएमआय-१ म्हणतात तेच वेलँडमध्ये एचडीएमआय-ए-१ असतं, त्यामुळे जुनी कमांड जशीच्या तशी चिकटवली की आउटपुट सापडत नाही. सेशन एक्स११ चं आहे की वेलँडचं ते एक्सडीजी सेशन टाइप या व्हेरिएबलमधून कळतं, पण ते मॉनिटरवरच्या टर्मिनलमध्ये बघा. मिररला कीबोर्ड नसतो म्हणून आपण सगळं एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडून, करतो, आणि तिथून बघितलं तर उत्तर नुसतं टीटीवाय येतं, मॉनिटरवरचं सेशन कळत नाही. एक्सरँडआरसुद्धा एसएसएचवरून कॅन्ट ओपन डिस्प्ले म्हणते, कारण कुठल्या स्क्रीनबद्दल बोलतोय हेच तिला माहीत नसतं. आधी डिस्प्ले व्हेरिएबलला कोलन शून्य द्या, मग बोलते.

एक्सरँडआरमध्ये लेफ्ट म्हणजे चित्र घड्याळाच्या उलट दिशेला वळतं, राइट म्हणजे घड्याळाच्या दिशेने. मॉनिटर समोरून बघताना उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने वळवून उभा केला असेल तर चित्र लेफ्ट करायचं. हे चित्राबद्दल आहे, मॉनिटरबद्दल नाही, एवढं धरून ठेवलं की गोंधळ होत नाही. वेलँडमध्ये ९० देऊन डोकं खाली आलं तर २७० द्या, फार विचार करायची गरज नाही.

कमांड मात्र तेवढ्यापुरतीच असते, रीबूट झालं की गेली. रात्री मॉनिटर बंद आणि सकाळी चालू अशी सोय केली असेल तर तेवढ्यानेही रोटेशन जाऊ शकतं. म्हणून मी तरी सांगेन की शक्य असेल तर स्क्रीन कॉन्फिगरेशनमधूनच फिरवा, ते सेटिंग फाइलमध्ये सेव्ह होतं आणि पुढच्या वेळी आपोआप लागतं.

बूटकडून अजून एक रस्ता उरलाय, तो म्हणजे सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये व्हिडिओच्या सेटिंगला रोटेट ९० जोडणे. तो केएमएसवर चालतो पण तो डेस्कटॉप नसलेल्या मशीनसाठी आहे, काळ्या स्क्रीनवरची अक्षरं त्याने वळतात. मॅजिकमिरर डेस्कटॉपवर चालत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि ती फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे, एंटर मारून नवीन ओळ केली तर बूटच अडकू शकतं. सुरू होताना पाच-दहा सेकंद अक्षरं आडवी दिसली तर दिसू द्या, त्यासाठी हा धोका घेण्यात अर्थ नाही.

मॅजिकमिररच्या पानाचं रूप ठरवणाऱ्या कस्टम सीएसएसमध्ये ट्रान्सफॉर्म लिहून पान फिरवणारेही आहेत. मला तो मार्ग पटत नाही. ब्राउझरला स्क्रीन अजूनही १९२० बाय १०८०, म्हणजे आडवीच वाटते, रुंदी-उंची हाताने अदलाबदल करावी लागते, आणि वरून कधी डेस्कटॉपचं रोटेशन लागलं तर दोन्हींची बेरीज होऊन सगळं उलटं होतं.

आणि हो, फिरवणं आणि फ्लिप करणं यातही गल्लत करू नका. जुन्या डिस्प्ले रोटेटमध्ये चित्र डावं-उजवं उलटवायचीही सोय होती आणि आरसा आहे म्हटल्यावर ती वापरायचा मोह होतो. पण टू-वे काचेतून मॉनिटरचा उजेड सरळ आपल्याकडे येतो, तो परावर्तित होत नाही, त्यामुळे अक्षरं आहेत तशीच वाचता येतात. फ्लिप केलं तर उलट वाचायची पंचाईत.

एक गोष्ट कुठल्याच सेटिंगने सुटत नाही, ती मॉनिटर घेतानाच बघा. टीएन प्रकारच्या पॅनलचा वरून-खालून बघण्याचा कोन कमजोर असतो, तो उभा केला की तोच कमजोरपणा डावी-उजवीकडे येतो, म्हणजे आरशासमोर थोडं बाजूला सरकलं तरी रंग बदलतो आणि काळा भाग धुरकट होतो. काळा धुरकट झाला की तिथे आरसाही फिका पडतो. त्याऐवजी आयपीएस प्रकारचं पॅनल घ्या. आणि आयआर टच फ्रेम, म्हणजे इन्फ्रारेडने बोट ओळखणारी चौकट, लावणार असाल तर एक्स११ मध्ये चित्र फिरलं म्हणून टच फिरत नाही, त्यासाठी एक्सइनपुट या कमांडमधून कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स वेगळं द्यावं लागतं, नाहीतर बोट वर जातं आणि कर्सर बाजूला.