विकतच्या फॉलोअरने रील चालते का?
इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरणारा सल्ला असा: आधी इन्स्टाग्रामवर ५,००० फॉलोअर विकत घ्या, मग रील आपोआप वर जाते. आकडा बघून तसं वाटणं साहजिक आहे. पण अ‍ॅप व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवतं. ते किती वेळ बघतात, पुढे पाठवतात का, यावर पुढचा प्रसार बराचसा ठरतो. विकतची खाती बहुधा बनावट. इंदूरच्या सराफा खाऊबाजारातल्या भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची रील ती बघणार कशाला? शिवाय हे नियमात बसत नाही. अशी खाती सापडली की काढून टाकतात. (फॉलोअर देतो म्हणून पासवर्ड मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.)

पडताळायचं असेल तर प्रोफेशनल खात्याच्या इनसाइट्समध्ये (खात्याच्या आकडेवारीत) फॉलोअरांची शहरं बघा. फॉलोअर हजारोंनी वाढले, पण इंदूरचे मोजकेच आणि व्ह्यूज होते तेवढेच, तर पैसे कुठे गेले ते तिथेच दिसेल.