हेझ आणि पोर्टर

आयझॅक हेझ (20 ऑगस्ट 1942 – 10 ऑगस्ट 2008) आणि डेव्हिड पोर्टर (जन्म 21 नोव्हेंबर 1941) ही अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीची गीतलेखक-निर्माता जोडी. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडच्या सोल संगीताला (कृष्णवर्णीयांच्या भावनाप्रधान लोकप्रिय गाण्यांना) जो रांगडा, चर्चमधल्या गायनाशी नाते सांगणारा बाज आला, तो घडवण्यात या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यूवरचे कॅपिटल नावाचे जुने चित्रपटगृह. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला आणि तिथल्या ध्वनिमुद्रणांना एक वेगळीच घुमारेदार खोली मिळाली. पोर्टर समोरच्याच किराणा दुकानात कामाला होता. तिथून तो या दारात आला. मांस डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबलेला हेझ आला तो शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्या बुकर टी. जोन्स या स्टॅक्सच्या वादकाच्या जागी कीबोर्ड वाजवायला.

जोडीचे खरे काम दिसते ते सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर या गायकद्वयाच्या गाण्यांत. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने त्यांना 1965 मध्ये स्टॅक्सकडे धाडले आणि ते हेझ-पोर्टरच्या हाती पडले. ढोबळमानाने शब्द पोर्टरचे, चाल हेझची. हेझ पियानोवर बसून ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ओळी वादकांना गुणगुणून सांगे. नोटेशन लिहून देण्याची पद्धत नव्हती. पोर्टर गायकांकडून एकेक ओळ घोटून घेई. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ती झेलायची, ही कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली जुनी रीत; ती प्रेमगीतात इतक्या जोमाने आणणे ही माझ्या मते या जोडीची सर्वांत मोलाची कामगिरी आहे. ‘यू डोन्ट नो लाइक आय नो’ हे गाणे तर थेट एका भक्तिगीतावरूनच सुचलेले.

‘होल्ड ऑन, आय अ‍ॅम कमिन’ (1966) या गाण्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. गाणे रचताना पोर्टर स्वच्छतागृहात गेला, बराच वेळ परतला नाही. हेझने वैतागून हाक मारली. आतून उत्तर आले, ‘थांब, येतोय!’ त्याच शब्दांना धरून पोर्टर धावत बाहेर आला आणि गाणे उभे राहिले. ते रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. शीर्षकातून भलताच अर्थ निघतो म्हणून काही रेडिओ केंद्रांनी आक्षेप घेतला, तेव्हा तबकडीवरचे शब्द किंचित बदलावे लागले.

‘सोल मॅन’ची (1967) पार्श्वभूमी गंभीर आहे. त्या वर्षी डेट्रॉइटमध्ये दंगल उसळली होती. कृष्णवर्णीयांच्या इमारती जाळपोळीतून वाचाव्यात म्हणून त्यांच्यावर ‘सोल’ असे रंगवलेले हेझने दूरचित्रवाणीवर पाहिले. ती खूण त्याला अभिमानाची वाटली आणि गाण्याला सूर सापडला. सुरुवातीची गिटार स्टॅक्सच्या स्टीव्ह क्रॉपर या गोऱ्या वादकाची. गाण्यात सॅम मूर त्याला नावाने हाक मारतो. एका कृष्णवर्णीय अभिमानगीतात गोरा गिटारवादक असा बिनधास्त सामील होतो, हे तेव्हाच्या वंशभेदाने विभागलेल्या मेम्फिसमध्ये साधे नव्हते. गाण्याला ग्रॅमी मिळाले. गायिका कार्ला थॉमसचे ‘बेबी’ हे गाणेही याच जोडीचे.

1968 मध्ये स्टॅक्स आणि अटलांटिक यांचा करार तुटला आणि सॅम-डेव्ह हातचे गेले. त्याच वर्षी 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्येच हत्या झाली. त्या धक्क्याने हेझ दीर्घकाळ काही रचू शकला नाही. पुढे ‘हॉट बटर्ड सोल’ (1969) या अल्बमने तो गायक म्हणून गाजला आणि ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या गीताने त्याला 1972 चे ऑस्कर मिळाले.

या झगमगाटात पोर्टरचे नाव मागे पडले, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. सॅम-डेव्हच्या गायकीतली धार त्याच्या तालमीतून आली होती. सॉंगरायटर्स हॉल ऑफ फेमने 2005 मध्ये मात्र दोघांना एकत्रच मान दिला.