मैनमूळ, फोर्सकोलिन आणि मुळातली बुरशी

बेळगाव जिल्ह्याला मैनमूळ ही औषधी वनस्पती नवी नाही. त्याच्या जाड, सुवासिक मुळांचे लोणचे या भागात घातले जाते. या मुळांतून १९७० च्या दशकात भारतातच फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९८१ मध्ये ते पेशीतल्या संदेशवहनाच्या ॲडिनिलेट सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) थेट चालना देते असे दिसल्यावर औषध-संशोधकांचे लक्ष तिकडे वळले. तेव्हापासून मूळ किती भरले यापेक्षा त्यात फोर्सकोलिन किती, याला महत्त्व आले.

मुळांत राहणाऱ्या बुरशीचा अभ्यास मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या भूछत्राची लागवड हवी होती. ते काम करताना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांना झाडांच्या मुळांभोवती बुरशीचे निरोगी आवरण आढळले आणि १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला मायकोरायझा म्हटले. बुरशी झाडाला पोसते हे त्यांचे म्हणणे सहजासहजी मान्य झाले नाही. पिकांच्या मुळांत शिरणाऱ्या, पेशीत झुडपासारख्या फांद्या फोडणाऱ्या प्रकाराकडे शेतीशास्त्र वळले ते १९५० नंतर, ब्रिटिश संशोधक बार्बरा मॉस यांच्या कामामुळे. त्यानंतरही बराच काळ सारा हिशेब स्फुरदाचाच (फॉस्फरसचाच) होता. बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूरकडच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, आणि मुळाच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद बुरशीचे तंतू आणून देतात, हे पाहता तो हिशेब चुकीचा नव्हता. फक्त अपुरा होता.

मुळाच्या रसायनाकडे लक्ष गेले ते त्यात दिसणाऱ्या रंगामुळे. बुरशी वसलेली मक्याची मुळे पिवळी पडतात, आणि २००० च्या सुमारास असे दिसले की हे पिवळे द्रव्य ज्या मार्गाने तयार होते त्याची जनुके अशा मुळांत अधिक काम करतात. फोर्सकोलिन हे डायटर्पीन (वनस्पतींतील एका रसायन-गटातले द्रव्य) असल्याने त्याचा कच्चा मालही याच मार्गाने येतो. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट कळली: फोर्सकोलिनचे पूर्वद्रव्य मुळाच्या बाहेरच्या त्वक्षा-पेशींत (बुचासारख्या सालीच्या पेशींत) तयार होते आणि तेथील तेलाच्या थेंबांत साठते. बुरशीचा मुक्काम मात्र आतल्या भागात असतो. म्हणजे ती औषधाच्या जागी हात लावत नाही. तिचा परिणाम, असलाच तर, दुरून होणार.

मैनमुळावर बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बुरशी दिलेल्या रोपांत फोर्सकोलिन वाढले, पण बुरशीच्या सगळ्या जातींनी सारखे नाही. या निष्कर्षाचे वजन जपून करावे लागते. झाड मोठे झाले म्हणून एकूण द्रव्य वाढणे आणि एक ग्रॅम सुक्या मुळातले त्याचे प्रमाण वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीच्या जाहिराती त्या सर्रास एक करतात. शिवाय निर्जंतुक मातीच्या कुंडीत जी बुरशी एकटी असते, तिला शेतात आधीच रुजलेल्या स्थानिक बुरश्यांशी स्पर्धा करावी लागते, आणि त्याच शेतात डीएपी हे स्फुरदयुक्त खत भरपूर पडत असेल तर झाड तिला मुळात फारसे वसूच देत नाही.