पुराजीवविज्ञानातील स्त्रिया

खडकांत जतन झालेल्या जीवाश्मांवरून पूर्वीच्या जीवसृष्टीचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे पुराजीवविज्ञान. एकोणिसाव्या शतकात या शास्त्राचा पाया घातला जात होता तेव्हापासून जीवाश्म शोधणे, ते दगडातून सोडवणे, त्यांची चित्रे काढणे आणि संग्रह लावणे ही कामे स्त्रिया करत आल्या. श्रेय मात्र बहुतेक वेळा ज्याने नमुना विकत घेतला किंवा त्यावर निबंध वाचला त्याच्या नावावर जमा झाले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटी या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते थेट 1919 मध्ये.

मेरी अ‍ॅनिंग (1799–1847) यांच्या आयुष्यात हा अन्याय सगळ्यात उघडपणे दिसतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस या गावी एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1810 मध्ये वडील वारले आणि घरावर कर्ज राहिले. किनाऱ्यावरच्या कड्यांतून मिळणारे शंखाकृती जीवाश्म पर्यटकांना विकून घर चाले. हे काम हिवाळ्यातले. वादळी पावसात कडा ढासळे, नवे थर उघडे पडत आणि पुढच्या भरतीने ते वाहून जाण्याआधी शोध घ्यावा लागे. 1833 मध्ये अशीच एक दरड कोसळली आणि मेरी यांच्यासोबत नेहमी असणारा ट्रे नावाचा कुत्रा त्यांच्या डोळ्यांदेखत गाडला गेला.

1811 मध्ये त्यांचा भाऊ जोसेफ याला एक भली मोठी कवटी सापडली. तिचा उरलेला सांगाडा मेरीने पुढच्या वर्षी शोधून काढला, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. हा इक्थिओसॉर म्हणजे माशासारख्या आकाराचा सागरी सरीसृप. 1823 च्या डिसेंबरात त्यांनी प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाचा पहिला संपूर्ण सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब होती, की पॅरिसमध्ये बसलेल्या शरीररचनातज्ज्ञ क्यूव्हिए यांना आधी तो बनावट वाटला. तपासाअंती तो खरा ठरला. 1824 मध्ये भूवैज्ञानिक कॉनिबेअर यांनी सोसायटीपुढे त्याचे वर्णन वाचले, पण त्यात शोधणाऱ्या बाईचे नाव नव्हते.

अ‍ॅनिंग केवळ गोळा करणाऱ्या नव्हत्या, हे इथे ठासून सांगायला हवे. शास्त्रज्ञांचे निबंध त्या हाताने उतरवून घेत आणि माशांची चिरफाड करून हाडांची रचना ताडून पाहत. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडणारे वेडेवाकडे गोटे फोडले की आत माशांची हाडे आणि खवले निघतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. हे गोटे म्हणजे अश्मीभूत विष्ठा, असा निष्कर्ष भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी पुढे मांडला. त्याच गावच्या एलिझाबेथ फिलपॉट यांचा माशांच्या जीवाश्मांचा संग्रह नावाजलेला होता. माखलीच्या जातीच्या एका जीवाश्मातील सुकलेली शाई पाण्यात कालवून त्यांनी इक्थिओसॉरच्या कवटीचे चित्र काढले आणि 1833 मध्ये विल्यम बकलंड यांच्या पत्नी मेरी बकलंड यांना पत्रातून पाठवले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याची शाई पुन्हा कागदावर उमटली!

विल्टशरच्या एथेल्ड्रेड बेनेट यांची गोष्ट वेगळी. त्या सधन होत्या, त्यांनी आपल्या भागातील जीवाश्मांची सूची स्वतः प्रसिद्ध केली. मॉस्कोच्या निसर्ग-अभ्यासक संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले, तेही नावावरून पुरुष समजून.

विसाव्या शतकात संस्थांची दारे हळूहळू उघडली. जर्मनीच्या टिली एडिंगर यांनी कवटीच्या आतील पोकळीच्या साच्यांवरून नामशेष प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास सुरू केला आणि 1929 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ज्यू असल्यामुळे 1939 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढचे काम त्यांनी हार्वर्डला केले.

पोलंडच्या झोफिया किएलान-यावोरोव्स्का यांनी 1963 ते 1971 या काळात गोबी वाळवंटातील पोलिश-मंगोलियन मोहिमांचे नेतृत्व केले. 1965 मध्ये त्यांना डायनोसॉरचे सुमारे अडीच मीटर लांबीचे दोन हात सापडले. त्यांचे वर्णन करून डायनोकायरस, म्हणजे ‘भयंकर हात’, हे नाव देणाऱ्या हाल्श्का ओस्मुल्स्का आणि एव्हा रोनिएविच याही स्त्रियाच. बाकीचे शरीर कसे होते हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

भारतात वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांच्या अकाली निधनानंतर लखनौच्या पुरावनस्पतिविज्ञान संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी सांभाळली. मराठी वाचकांना जवळचे नाव श्या चितळे (1918–2013) यांचे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी दख्खनच्या लाव्हा थरांमध्ये सापडणाऱ्या वनस्पतींवर काम केले. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथील चकमकीसारख्या कठीण दगडात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची फुले, फळे आणि बिया पेशींसकट टिकून आहेत. असा दगड कापून घासतात, आम्लाने त्याचा पृष्ठभाग किंचित झिजवतात, त्यावर पातळ पापुद्रा चिकटवतात आणि तो सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. एकेका फळाची अंतर्रचना उलगडायला असे पापुद्रे ओळीने काढावे लागतात. पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांनी पुरावनस्पतींचा विभाग उभा केला. मोहगावच्या एका अश्मीभूत फुलाला त्यांच्यावरून चितळेपुष्पम् मोहगावेन्से असे नाव मिळाले आहे.