मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी पंखा का फिरत नाही?

मागच्या जानेवारीत इंग्लंडमधल्या भाच्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याच्याकडे १९७२ सालची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश मोटरगाडी आहे आणि तिच्या हीटरचा पंखा बंद पडला होता. तिकडच्या थंडीत हा पंखा चैनीचा भाग नाही. समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, ती त्याच्याशिवाय जात नाही. फोटोत मल्टिमीटरवर १२.४ आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, "मामा, मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज येतंय. म्हणजे मोटरच जळली. नवी मागवतो."

मी त्याला थांबवलं. व्होल्टेज दिसतंय म्हणजे वायरिंग ठीक आहे, हा समज मी गॅरेजमध्ये मुरलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. तो चुकीचा आहे.

आधी फ्यूजचं बघू. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत वायरच्या रंगाला ठरलेला अर्थ असे. हिरवी वायर म्हणजे चावी फिरवल्यावर फ्यूजमधून येणारा पुरवठा, काळी म्हणजे अर्थिंग, धारा बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी वाट. हीटरचा पंखा, वायपर, ब्रेकचे दिवे आणि पेट्रोलचा काटा हे सगळे हिरव्या वायरवरच असतात. ब्रेकचे दिवे लागत असतील तर फ्यूज शाबूत आहे. भाच्याचे लागत होते.

मग १२.४ हा आकडा खोटा होता का? नाही. पण तो ज्या परिस्थितीत घेतला, ती पंख्याची नव्हतीच. भाच्याने मोटरच्या दोन्ही वायरी काढून मीटरला लावल्या होत्या. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे त्यातून एक अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाइतकीच धारा वाहते. आता वाटेत कुठे गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध १ ओहम आहे असं धरा. ओहमच्या नियमाने तिथे गळणारं व्होल्टेज म्हणजे धारा गुणिले रोध, एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. जोड हजार ओहमचा असता तरी फरक एक सहस्रांश व्होल्टच्या आसपास राहिला असता आणि मीटरवर १२.४ च दिसलं असतं.

मोटरची मागणी मात्र वेगळी असते. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळे धारा आटोक्यात राहते. थांबलेल्या मोटरमध्ये हे उलट व्होल्टेज नसतं, फक्त तांब्याच्या गुंडाळीचा रोध असतो. तो हिशेबासाठी १ ओहम धरू. जोड चांगला असेल तर सुरुवातीला सुमारे १२ अँपिअर धारा मिळेल आणि मोटर झटक्यात फिरेल. जोडाचाही रोध १ ओहम असेल तर धारा ६ अँपिअरवर येते, मोटरच्या वाट्याला निम्मंच व्होल्टेज येतं आणि जोरही कमी पडतो. बेअरिंगमधलं तेल सुकलेलं असेल तर पंखा जागचा हलत नाही. मोटर थांबलेली राहते, ६ अँपिअर वाहत राहतात आणि त्या एवढ्याशा जोडात ३६ वॅट उष्णता तयार होते. घरच्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण तेवढीच असते! त्या उष्णतेने जोड आणखी गंजतो आणि रोध आणखी वाढतो. फ्यूज उडत नाही, कारण फ्यूज धारा वाढली की उडतो आणि इथे ती घटलेली आहे.

१ ओहम रोध येतो कुठून, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. धातूचे दोन गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग खरं तर मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. स्वीडनमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ रॅग्नार होम यांनी विद्युत संपर्कांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. त्यांच्या सूत्रानुसार एका गोल संपर्कबिंदूचा रोध म्हणजे धातूची रोधकता (धारेला अडवण्याचा त्या धातूचा अंगचा गुण) भागिले बिंदूचा व्यास. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. बिंदूचा व्यास २० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी धरला, तरी रोध येतो ०.०००८५ ओहम. स्वच्छ तांब्याचा एवढासा ठिपका पंख्याला पुरून उरतो. उलट १ ओहम रोध हवा असेल तर तो ठिपका १७ नॅनोमीटरचा, जेमतेम काही डझन अणूंच्या रुंदीचा असावा लागेल. म्हणजे जोडात धातूला धातू जवळपास टेकतच नाही, मध्ये गंजाचा पापुद्रा आहे. जोड नुसता दाबून भागत नाही, घासावा लागतो, तो यासाठी.

या गाड्यांच्या बिघाडांवरून त्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या संस्थापकाला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याची तिकडे जुनी थट्टा आहे. आपल्याकडे तेच काम नजर लागण्यावर आणि लिंबू-मिरचीवर सोपवतात. पन्नास वर्षं ओल खाल्लेल्या पितळी जोडाला दृष्ट लागण्याची गरज नसते.

तपासायची रीत सोपी आहे. वायरी जोडलेल्याच ठेवायच्या, स्विच चालू करायचा आणि मोटर अडकलेली असतानाच मोजायचं. (इंजिन बंद ठेवून चावी फार वेळ चालू ठेवू नका, इग्निशन कॉइल तापते.) भाच्याला तेव्हा बॅटरीवर १२.० मिळाले, मोटरच्या दोन टोकांत ५.८ आणि मोटरची काळी वायर ते बॅटरीचं ऋण टोक यांत ५.९. उरलेले ०.३ स्विच आणि हिरव्या वायरीत गेले. अर्थिंगच्या वाटेवर दोन दशांश व्होल्टपर्यंत चालतं. इथे जवळजवळ सहा होते.

मोटरच्या टोकांत पूर्ण १२ मिळूनही ती फिरली नसती, तर दोष मोटरचा. तेव्हा मोटरमधले कार्बन आणि ते ज्यावर घासतात तो फिरता तांब्याचा भाग, म्हणजे कम्युटेटर, बघायचे. पंख्याला दोन-तीन वेग असलेल्या गाड्यांत फक्त सर्वांत मोठा वेग चालत असेल, तर बहुधा हळू वेगाचा रेझिस्टर तुटलेला असतो.

भाच्याने काळ्या वायरचा जोड उघडला. पितळ हिरवं पडलं होतं आणि रबरी टोपण आतून करपलं होतं. पॉलिश पेपरने घासल्यावर तिथे ०.१ व्होल्ट उरले आणि पंखा फिरला. मग त्याने वायपर चालू करून त्याच्या अर्थिंगच्या वाटेवरचं व्होल्टेजही मोजलं. तिथे ०.८ निघाले.