तेर म्हणजेच तगर : एका नावाची उकल

धाराशिव जिल्हा पाहायला निघालेली मंडळी तुळजापूर, नळदुर्ग, परांडा करतात आणि तेरला आलीच तर गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन परततात. गावातलं पुराणवस्तुसंग्रहालय आणि विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहायचं राहून जातं. मात्र इथे आज जे पाहायला मिळतं, त्यामागे एका नावाचा शोध आहे. तो ठाऊक असेल तर काचेच्या कपाटातली खापरंही बोलू लागतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात दख्खनच्या दोन मोठ्या पेठा येतात, पैठण आणि तगर. भरूच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भरूचला जाई. पैठण कुठलं, हा प्रश्नच नव्हता. तगर मात्र हरवलं होतं. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. त्यामुळे गुंता आणखी वाढला, कारण हे बिरुद मिरवणाऱ्यांचं राज्य भलतीकडेच होतं. ते मूळ गावाचा अभिमान सांगत होते, ताब्यातल्या राजधानीचा नव्हे, ही साधी गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. तोवर कुणी देवगिरीला तगर म्हटलं, कुणी जुन्नरला, कुणी बीडकडच्या धारूरला. प्रत्येकाकडे काही ना काही आधार होता.

१९०१ साली एका इंग्रज लिपितज्ज्ञाने तेरचं नाव पुढे केलं. त्याचा भाषेचा मुद्दा मला आजही सर्वांत पटतो, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावाही लागत नाही. संगमनेर, पारनेर, अमळनेर यांतलं ‘नेर’ जसं ‘नगर’चं झिजलेलं रूप, तसंच ‘तगर’चं ‘तेर’. प्राकृतात मधला ‘ग’ गळाला आणि उरलेले स्वर एकमेकांत मिसळले. तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, हा आक्षेप खराच. पण बैलगाडीच्या वाटेवर ऐकीव माहितीने लिहिणाऱ्याच्या ‘पूर्वे’ला एवढी सूट द्यायला हवी.

नावाचा निकाल कागदावर लागला. मातीतला पुरावा यायला पुढचं अर्धं शतक लागलं. पहिलं पद्धतशीर उत्खनन १९५८ चं. त्यानंतरच्या दशकांतल्या खोदकामांत विटांचा स्तूप मिळाला. पण सरकारी कुदळ पडण्याच्या आधीपासून गाव स्वतःच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, वस्तू वेचत होतं. मराठवाड्यात माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला पांढरी माती लागते. ती खणताना, किंवा पावसाने टेकाड धुपल्यावर, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येत. गावातल्याच एका गृहस्थाने त्या जपल्या, आणि त्यांच्या संग्रहातूनच आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. ज्या गावची वस्तू त्याच गावात राहिली, याचं मोल मला फार वाटतं.

त्रिविक्रम मंदिराचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. मागची बाजू अर्धगोल असलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य होती, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पाहणीत म्हटलं गेलं आणि तेच सगळीकडे पक्कं होऊन बसलं. मागे अर्धगोल असलेला आराखडा केवळ बौद्धांचाच नव्हता, ही दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगतं. आत विष्णूची पूजा आजही चालू आहे. तेरच्या जुन्या विटाही पाहण्याजोग्या आहेत. मातीत भुसा मिसळून भाजल्याने त्यांच्या अंगात बारीक पोकळ्या राहिल्या, त्यामुळे त्यांतल्या काही पाण्यावर तरंगतात.

संग्रहालयात गेलात तर पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींपाशी थांबाच. साच्यातून काढलेल्या या स्त्रियांची केशरचना अजून रेघ न् रेघ दिसते. जवळच हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीत गाडलं गेलं, म्हणजे अशी कारागिरी त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती. जालना जिल्ह्यात भोकरदनलाही अशाच मूर्तीचा तुटका भाग सापडला आहे.