एसजी वॉनाबी: तेरा ते सतरा वर्षं जुनी गाणी परत चार्टवर कशी काय चढली?

17 एप्रिल 2021, शनिवार. कोरियाच्या एमबीसी चॅनलवर कॉमेडियन आणि निवेदक यू जे-सोकच्या शोमध्ये एसजी वॉनाबी या ग्रुपचे तिघे जण येऊन माइकसमोर उभे राहिले, डान्स नाही काही नाही, आपली जुनी गाणी म्हटली आणि गेले. त्यानंतर 2004 चं 'टाइमलेस', 2006 चं 'नेसाराम' आणि 2008 चं 'लालाला' अशी तिन्ही गाणी मेलॉन या तिथल्या ऑनलाइन गाणी ऐकायच्या सेवेच्या चार्टवर एकदम वर, नव्या आयडॉल लोकांच्या पंक्तीत. आपल्याकडे के-पॉप म्हटलं की सात पोरं आणि एकसारख्या स्टेप्स एवढंच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे हे तिघे कोण हे मागे जाऊन सांगायला हवं.

नाव सायमन आणि गारफंकल वरून घेतलंय, एस आणि जी, पुढे वॉनाबी, म्हणजे त्यांच्यासारखं व्हायचंय म्हणणारे. (ते दोघं, हे तिघं, पण असो.) जानेवारी 2004 मध्ये पहिला अल्बम आला, तेव्हाचे तिघे असे. छे दोंग-हा सगळ्यात मोठा, त्याचा आधी एक सोलो अल्बम येऊन गेलेला, मग किम योंग-जुन, आणि किम जिन-हो तर तेव्हा विशीसुद्धा न गाठलेला पोरगा, पण आवाज असा की चाळिशीतला माणूस बारमधून उठून गातोय. छेचा आवाज मऊ, योंग-जुन मधला, जिन-हो खरखरीत आणि जोरकस. कडवी वाटून घ्यायची आणि ध्रुवपदात एकमेकांवर चढायचं, हा यांचा साचा.

त्या काळात कोरियात सीडीचा धंदा बसत चाललेला, लोक एमपीथ्रीवर गेलेले. तरी 2005 चा दुसरा अल्बम 'साल्दागा' त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त खपला! शिवाय सायवर्ल्ड नावाची साइट होती, तिथे प्रत्येकाचं छोटं होमपेज, त्यावर वाजवायला गाणं विकत घ्यायचं ते 'दोतोरी' देऊन, दोतोरी म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, एकाची किंमत 100 वॉन. ब्रेकअप झालं की पेजवर यांचं रडकं गाणं लावायचं, म्हणजे न बोलता सगळ्यांना कळायचं. (आपण स्टेटस ठेवतो तसंच की!) आणि नोरेबांग, म्हणजे तिथल्या कॅराओकेच्या खोल्या, तिथे पुरुष मंडळी घसा फाटेस्तोवर हीच गाणी म्हणायची.

टीका पण भरपूर झाली. हुंदका देत, स्वर गिळत, कंप देत गायच्या या पद्धतीला लोकांनी 'सोमोरी' असं नाव ठेवलं, शब्दशः गुरं हाकायची गायकी. नाव चेष्टेचं असलं तरी अगदीच खोटं नाही, कारण नंतर त्याच मीडियम टेम्पोत रडणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की कोण कोणाची कॉपी करतंय तेच कळेना. माझ्या मते 2007 चं 'आरिरांग', ज्यात पारंपरिक कोरियन वाद्यं मिसळलीत, ते या साच्यातून बाहेर पडायचा त्यांचा सगळ्यात बरा प्रयत्न होता. संगीतकार जो योंग-सू, 'नेसाराम' आणि 'लालाला' पण त्याचीच.

2008 मध्ये छे बाहेर पडला, ली सोक-हून आला, 'लालाला' त्याच्यासोबतचं. 2011 मध्ये ग्रुप थांबला आणि त्याच वर्षी 27 मे ला छे गेला, वय फक्त 29. म्हणजे 'टाइमलेस'मधला तो मऊ आवाज परत स्टेजवर येणार नव्हता. उरलेले तिघे 2015 मध्ये 'द व्हॉइस' घेऊन परतले, पण पूर्वीची धामधूम काही नव्हती.

मग 2021. यू जे-सोकला आपल्या त्याच शोमध्ये याच धाटणीचा नवा ग्रुप उभा करायचा होता आणि त्याचं नाव ठेवलं एमएसजी वॉनाबी, एमएसजी म्हणजे आपलं चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो! त्यात आठ जण घेतले, गायकांबरोबर नट आणि कॉमेडियनसुद्धा. जूनमध्ये त्यांची गाणी आली आणि त्यातलं एक तर नंबर एकलाही गेलं.